पुरीला कोनता प्लांट हाये?

आमच्या घरातलं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की पहिले काही दिवस त्या लोकांना वाटे, हे मराठी कुटुंब सकाळ-संध्याकाळ कडाकडा भांडतं. मग त्यांच्या लक्षात येई की भांडण वगैरे काही नाही. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, एवढंच आई बाबांना विचारते आहे. बाबांना ऐकू कमी येत होतं. त्यात आईचा आवाज मुळातच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायला घडलेला. ती भंडाऱ्याकडची.

बाबा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी होते. हा खलाशी जहाजावरचा नव्हे. कारखान्याच्या छपराखाली डोक्यावरून क्रेन धावते. तिच्या आकड्याला साखळदंडांनी लोखंड बांधून द्यायचं आणि खाली उभं राहून उंचावर बसलेल्या क्रेनवाल्याला हातांनी खुणा करायच्या, हे त्यांचं काम. तिथल्या आवाजात माणसानं माणसाच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसतो, म्हणून सगळी मदार हातांवर. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. खाली करून फिरवली की उतरव. मूठ मिटली की थांब, आहे तिथेच. आणि एक हात छातीसमोर स्थिर धरून दुसऱ्यानं खूण केली की हळू, जपून, ओझं नाजूक आहे. लहानपणी बाबा मला ह्या खुणा करून हसवायचे. भाताचा घास माझ्या तोंडात उतरवायचे तोही क्रेनसारखाच.

कानात घालायला बोळे मिळायचे, पण ते बाबांच्या खिशातच राहायचे. ‘कान बंद केले तं क्रेनची घंटा कशी आयकू येईल?’ असं त्यांचं म्हणणं. घंटा ऐकता ऐकता बाकीचं सगळं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असल्या बहिरेपणात बारीक आवाज आधी जातात आणि जाड आवाज मागे राहतात. तसंच झालं. आधी अंगणातल्या कडुलिंबावरची पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग सायकलची घंटा, मग माझा आवाज. माझा आवाज बारीक, म्हणून मी आईच्या आधी गेले. मालगाडी, ढोल, ढगांचा गडगडाट, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं.

बहिरेपणाचं दुःख न ऐकू येण्यात कमी आणि ‘काय?’ विचारण्यात जास्त असतं, हे मला फार नंतर कळलं. आपण काही बोलावं, बाबांनी ‘काय?’ म्हणावं, आपण पुन्हा बोलावं, त्यांनी पुन्हा ‘काय?’ म्हणावं. तिसऱ्या वेळी बोलणारा थकून म्हणतो, ‘काही नाही, जाऊ द्या.’ आमच्या घरात हे ‘काही नाही’ दिवसातून किती वेळा म्हटलं जायचं, देव जाणे. मी म्हणायचे, आई म्हणायची, दारात आलेला दूधवालाही म्हणायचा. मग बाबांनी ‘काय?’ विचारणंच सोडून दिलं. त्याऐवजी ते हसून मान हलवू लागले. कोणी काहीही बोलो, बाबा म्हणायचे, ‘हो हो. अगदी, अगदी.’

ह्याच बाबांभोवती एके काळी संध्याकाळी खाटा टाकून माणसं बसायची. गावाकडचे रेडे, रानडुकरं, तलावातल्या मासोळ्या, कशाच्याही गोष्टी ते इतक्या रंगवून सांगत की पलीकडच्या क्वार्टरमधले तेलुगू काका अर्धं कळून पूर्ण हसत. त्यांनी ती बैठक सोडली. ड्यूटीवरून आले की मागच्या परसात वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसू लागले. कपाळावर एक उभी आठी आली ती कायमची. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायच्या धडपडीची ती आठी होती, रागाची नव्हे. पण लोकांना राग वाटायचा. आई एकदा मला म्हणाली, ‘मानूस घरात हाये, पन घरी नाही.’

माझं बी. ए. संपत आलं तेव्हा शेजारच्या दुर्ग शहरात, मोहन नगरात राहणाऱ्या आईच्या एका लांबच्या बहिणीनं पहिलं स्थळ आणलं. पाहुणे आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. मी पोह्यांचा ट्रे ठेवून मान खाली घालून बसले. मुलाच्या काकांनी हळू, सभ्य आवाजात विचारलं, ‘मुलीला काही आजारबिजार?’

बाबा प्रसन्न हसले. ‘हो हो.’

‘लहानपणापासून?’

‘अगदी, अगदी.’

आई स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिनं सगळं सांगून सावरलं, पण काकांनी रुमालात तोंड लपवून हसणं काही आवरलं नाही. बाबांचे कान गेले होते, डोळे नाही. त्यांनी ते हसू पाहिलं. पाहुणे गेल्यावर शर्ट काढून खुंटीला लावत ते आईला म्हणाले, ‘मले आता बैठकीत बसवू नका. पोट्टीच्या मामाले बोलवत जा.’

मला असा संताप आला की काही विचारू नका. त्या काकांचा आला, मामाचा आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही आला. मी जाहीर केलं की माझे बाबा समोर बसल्याशिवाय मी कोणासमोर पोहे घेऊन जाणार नाही. मामाला हवं तर मामानंच लग्न करावं. बाबा आपल्या हट्टावर, मी माझ्या. आई म्हणाली, ‘दोघंही एका माळेचे मनी. मधात माही सुतळी झाली.’ आलेली स्थळं परत जाऊ लागली. मोहन नगरवाल्या मावशीनं तर बोलणंच टाकलं.

प्लांटच्या नोकरीत एलटीसी मिळायची, म्हणजे ठरावीक वर्षांनी कुटुंबासकट प्रवासाची सवलत. आमच्या आसपासचे लोक त्यात काश्मीर, कन्याकुमारी पाहून यायचे. आम्ही प्रत्येक वेळी भंडाऱ्याच्या गावी जायचो आणि तिथे जाऊन धान कापायचो. पण त्या वर्षी बाबा म्हणाले, गावीही नाही जात, तिथे तर सगळेच बोलतात. तेव्हा आईनं एकटीनंच ठरवलं की पुरीला जायचं. शेजारच्या ओडिया काकूंनी तिच्या डोक्यात भरवलं होतं की जगन्नाथ सगळ्यांचं ऐकतो. आईला समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. देवाला बाबांच्या कानांचं सांगायचं आणि जमलं तर माझ्या लग्नाचंही, एवढाच तिचा बेत.

‘तुमी दोघी या जाऊन,’ बाबा म्हणाले. ‘मी घर पायतो. वांग्याले पानी लागते.’

‘वांग्यायले ओडिया काकू पानी देईन!’ आई अशी ओरडली की काकू भिंतीपलीकडून ‘हाँ हाँ, दूँगी’ म्हणाल्या.

भिलाईच्याच पावर हाउस भागातल्या बाजारातून अंथरुणं बांधायला नवा होल्डॉल आणला. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडं बेसन आणि ठेचा असा शिधा घेतला की जणू काही आम्ही बर्फाच्या डोंगरावर निघालो होतो. रायपूरला गाडी बदलली, पुढे आणखी एकदा बदलली. गाडीत मी एक गोष्ट पाहिली. डब्यात खडखडाट असल्यामुळे सगळेच जोरजोरात बोलत होते, आणि समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याशी बाबांचं चक्क बोलणं झालं. धानाबद्दल. मग डबा स्टेशनात थांबला, शांत झाला, म्हातारा नेहमीच्या आवाजात बोलू लागला आणि बाबांची मान पुन्हा हलायला लागली.

पुरीत उतरलो ते थेट देवळात. आईला आधी देव, मग आंघोळ-जेवण. बाबांच्या मान हलवण्यानं तिथे एक वेगळाच घोळ केला. दारात पंडे उभेच होते. एकानं काहीतरी विचारलं, बाबा म्हणाले ‘हो हो’. दुसऱ्यानं विचारलं, ‘हो हो’. तिसऱ्याला ‘अगदी, अगदी’. तिघंही आम्हाला आपापले यजमान समजून मागे लागले आणि आपसात भांडू लागले. आईनं तिघांनाही भंडाऱ्याच्या मराठीत असं काही सुनावलं की भाषा न कळूनही ते बाजूला झाले.

गर्दीत घुसून, टाचा उंचावून आईनं जगन्नाथ पाहिला. हात जोडले, डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिला. बाहेर आल्यावर तिचा चेहरा पडलेला.

‘काय झालं गं?’ मी विचारलं.

‘अवो बाप्पा,’ ती म्हणाली, ‘ह्या देवाले तं कानच नाहीत!’

खरंच, त्या मूर्तीला कान दिसत नाहीत. एवढा प्रवास करून, एवढा ठेचा वाटून आपण कान मागायला नेमके कोणाकडे आलो, ह्याचं तिला रडू येऊ लागलं. देवळाच्या भिंतीला टेकून ती खाली बसली. मग पदरानं तोंड पुसून स्वतःशीच म्हणाली, ‘डोळे मात्र केवढाले हायेत. पाहूनच समजून घेत असंन.’ आणि उठली.

धर्मशाळेकडे निघालो. भर बाजारातला रस्ता. रिक्षांच्या घंट्या, खाज्याच्या दुकानांतली ओरड, कोणाचा तरी लाउडस्पीकर. बाबा पुढे चालत होते ते एकदम थांबले. मान किंचित वाकडी केली. मी त्यांना असं कान देऊन ऐकताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

‘इथं कोनता प्लांट हाये?’ त्यांनी विचारलं.

मी हातानं ‘काय?’ केलं.

‘प्लांट, प्लांट. भट्टीचा ब्लोअर चालून राहिला ना कुठंतरी. मोठा हाये. तुमाले नाही येऊन राहिला आयकू?’

आम्हाला येत नव्हता. बाजाराच्या गलक्यात आम्हा दोघींचे चांगले कान काही कामाचे नव्हते. आईला वाटलं, उन्हानं ह्यांना भोवळ आली. पण बाबा थांबले नाहीत. धर्मशाळा राहिली बाजूला; सामान खांद्यावर घेऊन ते त्या आवाजाच्या मागे चालू लागले, गल्लीतून गल्लीत, आणि आम्ही त्यांच्या मागे. दुकानं विरळ झाली, वारा अंगाला लागला, तेव्हा मलाही तो आवाज आला. खोल, अखंड, खालून येणारा. मग गल्ली संपली आणि समोर कुठल्याही भिंतीशिवाय, कुंपणाशिवाय समुद्र होता.

बाबांनी होल्डॉल वाळूत टाकला आणि तसेच उभे राहिले.

आम्ही तिघंही समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. आई म्हणाली, ‘अगाऽऽ, केवढं पानी!’ आणि मग तिला बाकीच्या शेतकऱ्यांच्या लेकींप्रमाणे पहिला विचार आला की एवढं पाणी, आणि एका वाफ्याच्या उपयोगाचं नाही. मी पाण्याकडे कमी आणि बाबांकडेच जास्त पाहत होते. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हा पुरा आयकू येते मले. पुरा.’ त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मला तिथेच रडू फुटलं. वाऱ्यामुळे डोळ्यांत वाळू गेली असं मी सांगितलं. ते अर्थातच त्यांना ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून बाबा धर्मशाळेत फक्त झोपायला यायचे. सकाळी उजाडताच किनारा. समुद्र त्या वेळी राखाडी असायचा, मग पितळी व्हायचा, आणि ऊन वर आलं की निळा. कोळी होड्या लाटांवर ढकलायचे. ओल्या वाळूतून बारीक लालसर खेकडे निघायचे, तिरके धावायचे, पावलाची चाहूल लागली की बिळात गडप. बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, जिथे लाट येऊन विरते तिथे पाय सोडून बसायचे. लाट परत जाताना टाचांखालची वाळू ओढून न्यायची आणि पाय हळूहळू रुतायचे. मीही शेजारी बसायचे. सुरुवातीला मला चैन पडेना; मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मग हळूहळू काय झालं कोण जाणे, डोक्यातली सगळी भांडणं, तो रुमालवाला काका, मामा, मावशी, एकेक करून लाटेबरोबर खाली सरकत गेली. पाण्याकडे पाहत बसलं की विचार करावाच लागत नाही, हा मला नवाच शोध होता.

आणि बाबांच्या कपाळावरची ती उभी आठी गेली. इथे कोणाचे ओठ वाचायचे नव्हते. काही ओळखायचं नव्हतं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले होते, तर पाठीतून काहीतरी थरथरलं. बाबा गुणगुणत होते. धान लावताना त्यांची आई म्हणायची ते गाणं. सूर कुठल्या कुठे गेला होता, पण गाणं तेच होतं.

आईला पाण्याची भीती. ती कोरड्या वाळूत, सामानाला चिकटून बसायची. शेवटी मीच तिला डिवचलं की देवाला भेटलीस आणि समुद्राला घाबरलीस, तर पुण्य अर्धंच मिळेल. तिला ते पटलं. तिथे लोकांना हात धरून समुद्रात नेणारे नोलिया असतात, डोक्यावर वेताची टोकदार टोपी घातलेले कोळी. त्यांतल्या एका काळ्या, सडपातळ, म्हाताऱ्या नोलियानं आईचा हात धरला. त्याला मराठी येत नव्हतं, आईला त्याची भाषा येत नव्हती, आणि लाटांच्या आवाजात दोघांनाही कसलीच भाषा ऐकू येत नव्हती. आई कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि किंचाळू लागली. तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज शून्य. मी काठावरून ‘आई, आई’ ओरडले. माझाच आवाज मला ऐकू येईना.

तेव्हा बाबा उठले. पाण्याच्या कडेला पाय रोवून उभे राहिले, जसे ते क्रेनखाली उभे राहत असतील, आणि त्यांनी मूठ मिटून हात वर केला. थांब.

म्हातारा नोलिया थांबला. त्यानं बाबांकडे पाहिलं. एक मोठी लाट येत होती. बाबांनी तर्जनी वर करून गोल फिरवली, आणि नोलियानं आईला दोन्ही हातांनी अलगद उचललं. लाट खालून निघून गेली. मग बाबांनी एक हात छातीसमोर स्थिर धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट खाली करून हळूहळू फिरवलं. नोलियानं आईला हळूहळू पाण्यात उतरवलं. लाटेमागून लाट हेच चाललं. उचल. थांब. हळू, उतरव. आईचं किंचाळणं कधी हसण्यात बदललं ते कळलंच नाही. तिकडून, पाण्यातूनच, भिजलेला पदर सावरत तिनंही बोट वर करून फिरवलं: आणखी एकदा! मी ह्या नवराबायकोला इतकं बोलताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिघंही दिवसभर हातांनीच बोललो. भूक लागली, खाली बस, खेकडा बघ, ऊन झालं, अजून थांबू. ज्या खुणा बाबांकडे नव्हत्या त्या आम्ही तिथल्या तिथे पाडल्या. किनाऱ्यावर त्यांच्याइतकेच आम्हीही बहिरे होतो, आणि ह्या खेळात ते आमच्यापेक्षा तरबेज. मी चुकले की ते हसून मला दुरुस्त करायचे.

शेवटच्या संध्याकाळी आईनं एक शंख घेतला आणि मोठ्या उत्साहानं बाबांच्या कानाला लावला, की घरी गेल्यावर ह्यात समुद्र ऐका. बाबांनी ऐकलं, शंख उलटा करून पाहिला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘ह्यात काही नाही. हा खोटा हाये.’ मग समोरच्या समुद्राकडे बोट केलं. म्हणाले, ‘हा पाय ना. सकाळपासून एकच गोष्ट सांगून राहिला. मानूस असता तं कंटाळला असता. एकदाही ‘काही नाही, जाऊ द्या’ नाही म्हनला.’

ते आम्हाला टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणे मारता येतच नसत. समुद्राबद्दल वाटलं ते बोलले, इतकंच. पण आईनं ते ऐकलं आणि शंख ओच्यात ठेवून त्यांच्याजवळ सरकून बसली. मी वाळू उकरत राहिले.

परत आल्यावर आमचं घर शांत झालं. पोळी वाढू का, ह्याला तर्जनी वर. पुरे, ह्याला तर्जनी खाली. आईचं पुराण लांबलं की बाबांची मिटलेली मूठ. ओडिया काकू काळजीनं विचारायला आल्या की घरात कोणी आजारी आहे का, दोन दिवस झाले भांडण ऐकू आलं नाही. आणि जे हातांत मावत नसे ते आम्ही पुन्हा सांगायचो. तीनदा, चारदा. ‘काही नाही’ हे शब्द आईनं घरातून हद्दपार केले. माझ्या तोंडून एकदा निसटले तर तिनं लाटणं उगारलं.

एक दिवस बाबा आपणहून कडुलिंबाखालच्या बैठकीत जाऊन बसले आणि बसताक्षणी म्हणाले, ‘मले कमी आयकू येते. जोरानं बोला, नाहीतं हातानं सांगा.’  मग तेलुगू काका म्हणाले, ‘अरे भाई, मेरे को भी.’ मग आणखी एक जण. सगळी प्लांटमधलीच माणसं ती. कोण जाणे किती वर्षं एकमेकांना नुसत्या माना हलवत बसली होती. त्यानंतर त्या बैठकीत जी आरडाओरड सुरू झाली ती ऐकून नव्या शेजाऱ्यांना पुन्हा भांडणाची शंका येऊ लागली.

काही महिन्यांनी मोहन नगरची मावशी विरघळली आणि नागपूरचं एक स्थळ घेऊन आली. मामाचं नावही निघालं नाही. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले आणि नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी तेच जाहीर केलं, जोरानं बोला नाहीतर हातानं सांगा. मी पोहे घेऊन बाहेर आले.

बोलणी चांगली चालली होती. मध्येच मुलाची आई, ठेंगणीशी, मऊ आवाजाची बाई, बाबांना काहीतरी म्हणाली. बाबा पुढे झुकले. ‘काय?’ तिनं पुन्हा म्हटलं. ‘काय?’ ती संकोचून नवऱ्याकडे पाहत म्हणाली, ‘काही नाही, जाऊ द्या.’

बाबांनी मूठ मिटून हात वर केला. सगळी खोली थांबली.

‘जाऊ नका देऊ,’ बाबा म्हणाले. ‘बाई, परत सांगा. मी आयकतो.’

त्या बिचारीचे कान लाल झाले. तिनं श्वास घेतला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ओरडून बोलली, ‘एकुलती एक पोरगी आहे तुमची! ती आमच्याकडे आली तं तुम्हाले करमंन का?’

गल्लीच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं असणार. बाबांना पुरं ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, आणि आपल्या त्या मोठ्या, बहिऱ्या आवाजात म्हणाले, ‘नाही करमनार.’

 मावशीनं डोक्याला हात लावला. मग बाबांनी एक हात छातीसमोर स्थिर धरला, आणि दुसऱ्या हाताचं बोट खाली करून अगदी हळूहळू फिरवलं. पाहुण्यांना ती खूण कळली नाही. माझ्या होणाऱ्या सासूनं आईला विचारलं, ‘हे काय म्हणताहेत?’

आईनं पदर तोंडाला लावून माझ्याकडे बोट केलं. म्हणून मीच सांगितलं. सांगताना माझा बारीक आवाज आणखीच बारीक निघाला. सासूबाई पुढे झुकून म्हणाल्या, ‘काय?’ मग मी पुन्हा सांगितलं, जोरानं: ‘म्हणताहेत, हळू उतरवा, जपून. ओझं नाजूक आहे.’